निखतचा खराखुरा पत्रा

“अब्बा, कॉम्प्युटरवर असा पत्रा काढीन ना, का तुमी पाना घेऊन त्याच्यावर चढान!”

निखत बोलली खरी. सकाळी चहा पिता पिता बोलायला काय जातं? तिचे अब्बा गयासुद्दीनमियाँ म्हणजे अकोल्यात तीस वर्षं पत्रे ठोकणारा माणूस. त्यांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. “बेटा, वरून बादलीभर पाणी सोडलं ना, मंगच कळते पत्रा कसा आहे ते.”

जुनी माणसं असंच बोलतात, असं म्हणून निखत ऑफिसला पळाली.

आज मोठा दिवस होता. तेल्हाऱ्याचे किसनराव सरकीचं गोदाम बांधणार होते आणि त्याचं हुबेहूब चित्र पाहायला अकराला येणार होते. ऑफिसच्या मालकांनी, उत्तमराव सरांनी, काल स्वच्छ सांगितलं होतं, “त्यांची सही झाली, तर डिझाइनची खुर्ची तुझी. नाही झाली तर परत झेरॉक्स!” दोन वर्षं निखतनं त्या ऑफिसात झेरॉक्स काढल्या होत्या. आता त्या मशीनची घरघर स्वप्नातही यायची!

म्हणूनच हौसेनं तिनं छपराची पन्हळ न् पन्हळ हातानं काढली होती. साडेनऊला चित्र तयार करायचं बटन दाबलं. पावणेदहाला दोन टक्के. सव्वादहाला तीन! मग पडदा पांढराफट्ट झाला आणि कॉम्प्युटरनं मान टाकली.

“या अल्लाह!”

तो परत सुरू होईपर्यंत पावणेअकरा झाले. घामानं माऊस निसटायला लागला. तेवढ्यात तिला मोबाइलमधला फोटो आठवला. परवाच अंगणात अब्बांच्या पत्र्याचा काढलेला! तिनं सपाट छप्पर घेतलं, फोटो त्याच्यावर चढवला. कॉम्प्युटरनं तोच फोटो फरशीसारखा शेजारी शेजारी लावत अख्खं छप्पर भरून टाकलं. पाच मिनिटांत चित्र तयार! काय ती चमक, काय त्या पन्हळींच्या सावल्या! अकराला दोन मिनिटं कमी होती.

किसनराव आले, बसले. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर चित्र लागलं. छपरावर पांढरं काहीतरी होतं. एक नाही, दोन नाही, ओळीच्या ओळी! ते अब्बांचं बनियन होतं. अम्मीनं पत्र्यावर वाळत घातलेलं. आता ते दोनशे चाळीस जागी वाळत होतं!

“हे पांढरं पांढरं काय आहे व?” किसनरावांनी विचारलं.

“उजेडाच्या शीटा आहेत, काका!” तिच्या तोंडून निघून गेलं. “दिवसा लाइट लावा लागत नाही.”

“वा! मोठं करून दाखव बरं.”

“मोठं होत नाही, काका!”

“होते ना! काहून होत नाही?” असं म्हणत जन्मात माऊसला हात न लावलेल्या उत्तमराव सरांनी नेमकं आजच त्याचं चाक फिरवलं. बनियन मोठं होत होत टीव्हीभर पसरलं.

किसनराव पुढे वाकले. “पोरी, उजेडाच्या शीटले गळा कावून आहे? अन् खांद्यावर भोक? पाणी गळन ना!”

निखतचे डोळे भरून आले. “काका, ते... ते अब्बांचं बनियन आहे. फोटोत आलं.”

किसनराव असे हसले की खुर्ची कुरकुरली! “म्हंजे पत्रा खरा आहे? अव, मी तर कॉम्प्युटरचं पाहून भेऊन राहिलो होतो! तुहा बाप पत्रे ठोकते? बोलाव त्याले, बसवाचं काम त्यालेच देतो. आना कागद!”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. निखतनं अब्बांना फोन लावला आणि हळूच डिझाइनच्या खुर्चीवर टेकली. किती मऊ होती म्हणून सांगू!

किसनरावांना आधी भाव ऐकायचा होता, म्हणून पेन उघडंच राहिलं. वीस मिनिटांत गयासुद्दीनमियाँ आले. दोनशे चाळीस बनियनं त्यांनी शांतपणे पाहिली. मग मान तिरपी केली.

“बनियन तं बराबर आहे. पण नाल्या आडव्या कावून?”

सगळ्यांच्या माना तिरप्या झाल्या. अंगणात पत्रा भिंतीला आडवा टेकवलेला होता, आणि तसाच्या तसा छपरावर चढला होता! इतका वेळ तिघं चित्राकडे टक लावून बसले होते, पण बनियनापुढे पन्हळी कोण पाहतो?

“पाणी उतरन कसं, बेटा? एकेका नालीत थांबन, अन् मंग सरकीवर!”

सरकीचं नाव निघताच किसनरावांनी पेनाला टोपण लावलं. “चित्र सरळ करून ठेव, पोरी. उद्या येतो सहीले. पण याची एक कापी दे, घरी दाखवतो. कोणी मानणार नाही!”

सरांनी निखतकडे पाहिलं. निखतनं खुर्चीकडे पाहिलं. मग ती उठली आणि तिनं कॉम्प्युटरला जोडलेलं, कोपऱ्यातलं झेरॉक्सचं मशीन सुरू केलं.

दोन वर्षांत त्या मशीनवर इतकी स्वच्छ झेरॉक्स कधी निघाली नव्हती. खांद्यावरचं भोकसुद्धा अगदी स्पष्ट आलं!