शेवटचा बदल सांगा

आमच्या मजल्यावरच्या सुहास गावसला कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगितलेली चालत नाही. माझी बायको "परवा माझी मावशी करी रोडला उतरली, तर..." एवढं म्हणते तोच याचा हात वर होतो.

"वहिनी, शेवटचा बदल सांगा."

"मावशी आमच्याकडे राहायला आलीय."

"हां. एवढंच लागतं."

हा त्याचा ऑफिसातला रोग. आम्ही एकाच कंपनीत. मी हिशेबात, तो कॉम्प्युटरवाल्यांत. कंपनीच्या प्रोग्रामचा सगळा कोड, आणि पहिल्या दिवसापासून त्यात कोणी काय बदललं तेही, एका कोठारात असतं. ती मंडळी त्याला रेपो म्हणतात. तो इतका फुगला होता, की नव्या माणसाने सकाळी आपल्या मशीनवर उतरवायला घेतला तर जेवणाचे डबे उघडेपर्यंत उतरतच असायचा. तो वेग वाढवणं हे सुहासचं काम. पोरांच्या पाठीशी उभा राहून ओरडायचा, "अरे, सगळं कशाला ओढतोस? बिलांचं फोल्डर हवंय ना? तेवढंच ओढ!"

गणपतीला गावी जाताना आम्ही बॅगा भरतो, हा एक पिशवी घेऊन निघतो. टॉवेल? "लागला की मागू." तो टॉवेल दरवर्षी माझा असतो.

नव्या मॅनेजरने सोपा उपाय काढला. "जुना इतिहास उडवा. रेपो हलका होईल." खर्चाचं बघायला मीही त्या मीटिंगला होतो. सुहास कधी नव्हे तो चिडला.

"उडवायचं कशाला, सर? सगळं राहील. फक्त कोणी मागितल्याशिवाय त्याच्या डोक्यावर घालायचं नाही."

आणि तसं त्याने करून दाखवलं. आता नवा माणूस पहिला चहा संपायच्या आत कामाला लागतो. मला मात्र ते पटलं नव्हतं. अर्धं देणं म्हणजे अर्धं लपवणं, हिशेबात ते बसत नाही.

परवा मावशीच्या हातची घावणं द्यायला त्याच्याकडे गेलो. तो नुकताच ऑफिसातून आला होता. खिडकीशी त्याची आई बसलेली. हल्ली तिला मधल्या वर्षांतलं काही आठवत नाही.

"संप मिटलो काय रे?"

"बोलणी चालू आसत, आये."

"आणि तुझे बाबा?"

"गेटार. मी आता थयसूनच इलंय."

तिथून, गेटावरून आला, हे खरंच. ती विचारते तो जुना संप ज्या गिरणीत झाला, तिच्याच जागेवर आमचं ऑफिस आहे. बाबा तिथे साचेखात्यात, मागांवर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मी त्याला गॅलरीत घेतलं. "सुहास, एकदा खरं सांगून टाक ना."

"सांगितलं होतं, दादा. पहिल्यांदाच कळल्यासारखी रडली. दुसऱ्या दिवशी परत, 'बाबा खंय गेले?' रोज रडवू तिला? गेले काय, असं तिने विचारलं तर नाही म्हणणार नाही. पण मागितल्याशिवाय नाही."



आतून हाक आली. लग्नानंतर बाबांबरोबर बोटीने पहिल्यांदा मुंबईला आल्याची गोष्ट तिला सांगायची होती. ती अख्ख्या मजल्याला पाठ आहे, आणि फार लांब आहे. आता सुहासचा हात वर होणार, म्हणून मी बघत राहिलो.

"बोट धक्क्याक लागली, तेव्हा हे..." तिने सुरुवात केली.

सुहासने स्टूल ओढून घेतलं आणि तिच्या पायांशी बसला.

"असा मधीच नको, आये. पयल्यापासून सांग."