मागच्या सीटचं वजन

श्याम गावंडेची मोटारसायकल बघायला अख्खी गल्ली यायची. पण तिच्या मागच्या सीटवर बसायला हक्काचं एकच माणूस होतं आणि त्या माणसानं बसायला साफ नकार दिला होता.

ते माणूस म्हणजे त्याची बायको, पौर्णिमा. दिवाळीच्या सुट्टीत दोघं चिखलदऱ्याला निघाले. घाट लागायच्या आधीच एका खड्ड्यात मागचा शॉकअप असा काही खाडकन टेकला, की पौर्णिमा सीटवरून हातभर वर गेली आणि खाली आली ती कंबर धरूनच. चार दिवस गरम पाण्याची पिशवी चालली. पाचव्या दिवशी तिनं निकाल दिला.

"आवो, तुमच्या या उंटावर मी पुन्हा बसली तं माह्यं नाव बदलून ठेवजा. जूनमंधी स्पितीले जाचं हाये ना? खुशाल जा. एकटे जा."

एकटे जा! आता याला काय म्हणावं? गाडी घेतलीच होती दोघांसाठी. पौर्णिमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि सहा वर्षं तिची नेमणूक तिकडे धारणीकडे. श्याम अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, घर अमरावतीत. सहा वर्षं हा गृहस्थ दर शनिवारी जुन्या गाडीवर मेळघाटातून बायकोला भेटायला जायचा आणि रविवारी एकटाच परत यायचा. गेल्या जूनमध्ये तिची बदली अमरावतीला झाली. आता कुठंही जायचं तर दोघांनी, एकाच गाडीवर, म्हणून त्यानं ही उंच, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल घेतली. तिच्याशिवाय तिकडे हिमाचलात स्पितीला जाणं म्हणजे त्याच्या लेखी पुन्हा धारणीहून एकट्यानं परत येणंच होतं.

त्यानं गाडी चित्रा चौकाजवळ शफीकभाईच्या गॅरेजला नेली. शफीकभाईनं मागचं चाक दाबून पाहिलं, सीटवर दोनदा उड्या मारून पाहिल्या आणि हात पुसले.

"श्यामभाऊ, कंपनीचा शॉकअप एकट्या मान्साचा हाये. दोघं बसले, सामान लादलं, के बैठ गया. दुसरा टाका. पन ऐका, उस में स्प्रिंग वजन से आती है. नरम घेतली तं टेकन, कडक घेतली तं भाभी उछलन. वजन बराबर सांगजा. अंदाजपंचे काई चालत नाई."

ग्रंथपालच तो. त्यानं तीन महिने शॉकअपवर वाचन केलं. तेल, वायू, स्प्रिंगची जाडी, सगळं वहीत उतरवलं आणि शेवटी पुण्याच्या एका विक्रेत्याकडचा शॉकअप नक्की केला. त्यांनी एक फॉर्म पाठवला. चालवणाऱ्याचं वजन, सामानाचं वजन, रस्ता कसा, आणि मागे बसणाऱ्याचं वजन. स्वतःचं वजन श्यामनं अठ्ठ्याहत्तर लिहिलं. नोकरीला लागला तेव्हापासून तो हाच आकडा सांगत आला होता. सामानही लिहून झालं. शेवटचा रकाना मात्र अडून बसला.

शॉकअपचं नाव काढलं की पौर्णिमा उठून स्वयंपाकघरात जायची. म्हणून एकदा त्यानं आडून विचारलं, "तुह्यं वजन किती असन गं सध्या?"

"काहून? इकाले काढता काय मले?"

झालं! मग त्यानं वजनाचा काटा विकत आणला. "प्रवासाच्या बॅगा मोजाले," म्हणून सांगितलं. पौर्णिमेनं पहिल्याच दिवशी त्यावर तुरीची डाळ मोजली आणि दुसऱ्या दिवशी तो शेजारणीला देऊन टाकला. मग एकदा ती पंखा पुसायला स्टुलावर चढली असताना त्यानं मागून कमरेला धरून तिला उचललं आणि वजनाचा अंदाज घेतला. अंदाज काही आला नाही. पण समोरच्या गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या किसनरावांनी ते पाहिलं, पेपर तोंडासमोर धरला आणि पुढे दोन दिवस श्यामशी नजर मिळवली नाही.

तिकडे पुण्याहून निरोप आला, की माल परदेशातून मागवायचा आहे. रविवारी दुपारी बारापर्यंत फॉर्म भरला तर जूनच्या आत शॉकअप मिळेल, नाहीतर पावसाळा उलटल्यावर. "काढतो काहीतरी युक्ती," असं श्यामनं त्यांना सांगून टाकलं.

युक्ती त्याला अकोल्यात सापडली. बुधवारी कॉलेजातून परत येताना स्टेशनजवळ कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची लाडूतुला चालली होती. एका पारड्यात पुढारी, दुसऱ्यात बुंदीचे लाडू. माईकवर आवाज आला, "साहेबांचं वजन एकशे बारा किलोओओ!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. श्याम जागच्या जागी थांबला. एका माणसाचं वजन भर चौकात जाहीर झालं होतं आणि तो माणूस हात जोडून हसत होता.

संध्याकाळी पौर्णिमा मेथी निवडत होती. श्याम समोर येऊन बसला.

"एक राहूनच गेलं बापा. तुही बदली व्हावी म्हनून मी अंबादेवीले नवस बोललो होतो. तुह्या वजनाइतका गूळ वाटीन म्हनून."

पौर्णिमेचा हात थांबला. "तुमी? तुमी तं देवळात आले का बाहीर चपला सांभाळत उभे राह्यता."

"बोललो होतो बावा."

"कधी?"

"तू धारणीले होती तवा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पदरानं डोळे टिपले आणि मेथी तशीच टाकून आत गेली. श्यामचा जीव चरकला. ती हसेल, थट्टा करेल, एवढीच त्याची अपेक्षा होती; रडेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. खरं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण रविवार चार दिवसांवर आला होता, म्हणून तो मेथी निवडत बसला.

त्याच्या डोक्यातला बेत छोटा होता. देवळाजवळच्या किराणा दुकानातला काटा, दोन माणसं, दहा मिनिटं. पण पौर्णिमेनं वरूडला माहेरी फोन केला आणि बेत त्याच्या हातून गेला. सकाळी सासरे महादेवराव फोनवर गरजले, "जवाईबुवा, आमच्या लेकीची तुला गुळानं काहून? आमच्या घरचा संत्रा का मेला? रविवारी या. समदं मी पाहतो."

महादेवरावांनी पाहिलं म्हणजे पाहिलंच. मृग बहाराच्या संत्र्यांची तोडणी सुरू होती. त्यांच्या मालाच्या शेडमध्ये मांडव पडला होता, पन्नास पाहुणे जमले होते, आणि आढ्याला जुना, बैल तोलता येईल एवढा तराजू टांगला होता. मेहुणा ओमप्रकाश प्रत्येक कॅरेट आधी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा बोलणार आणि मग पारड्यात चढवणार होता. हे ऐकून श्यामला बरं वाटलं. निदान आकडा तरी बिनचूक मिळणार होता.

पण सासूबाई, वच्छलाबाई, आडव्या आल्या. लेकीला पारड्यात रिकामी कशी बसवायची? तिची ओटी भरली पाहिजे. नारळ, शेरभर तांदूळ, पाच प्रकारची फळं. शिवाय जरीचं लुगडं. शिवाय हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"आई, ओटी नंतर भरली तं नाई जमत काय?" श्यामनं विचारलं.

"काहून?"

"नाई... वजन वाढते ना."

"वाढू द्या की! तुमी नवस फेडून राह्यले का हिशोब करून राह्यले?"

पाहुणे हसले. श्याम मनातल्या मनात वजाबाकी करत उभा राहिला. नारळ अर्धा किलो, तांदूळ एक, तांब्या दीड, लुगडं कोण जाणे. त्यात महादेवरावांनी आधीच बजावलं, "देवाचं माप हाये. संत्र्याचं पारडं झुकलंच पायजे. चार-पाच किलो वरतून टाकजा रे!" श्यामची वजाबाकी कोलमडली.

आणि पौर्णिमा? ती पारड्यात मांडी घालून बसली होती आणि इतक्या मायेनं त्याच्याकडे बघत होती, की त्याला तिच्याकडे बघवेना. आपण किती हलकट माणूस आहोत, असं त्याला मनापासून वाटलं.

"भाऊजी, तुमचा फोन द्या. इडिओ चांगला निघते त्याच्यात," म्हणत ओमप्रकाशनं श्यामचा मोबाईल घेतला. पहिलं कॅरेट चढलं. "एकवीस किलो!" दुसरं चढलं. "एकवीस आन् साडेवीस, साडेएक्केचाळीस!" तिसरं कॅरेट काट्यावर ठेवलं आणि मोबाईल वाजला. ओमप्रकाशच्या दोन्ही हातांना काम होतं. त्यानं अंगठ्यानं फोन उचलला आणि अंगठा स्पीकरवरही पडला.

"नमस्कार गावंडे सर!" पुण्याचा आवाज अख्ख्या शेडमध्ये घुमला. "साडेअकरा झालेत, म्हणून आठवण करतोय. मिसेसचं वजन मिळालं का? तुम्ही म्हणाला होतात, काहीतरी युक्ती करून रविवारपर्यंत नक्की काढतो. त्यांच्या वजनाशिवाय मला शॉकअपची स्प्रिंग ठरवता येणार नाही."

पन्नास माणसं एकदा फोनकडे, एकदा पारड्याकडे आणि शेवटी श्यामकडे बघू लागली.

"हॅलो? सर?"

"थांबा जरा," ओमप्रकाश फोनला म्हणाला. बंद करायचं मात्र त्याला सुचलं नाही.

"कायचा शॉकअप?" महादेवरावांनी विचारलं.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. श्यामनं मान खाली घालून सगळं सांगितलं. खड्डा, फॉर्म, डाळ मोजलेला काटा, अकोल्याचा पुढारी.

"म्हन्जे नवस बोललेच नव्हते?" वच्छलाबाई ओरडल्या. "माय वं! देवीच्या नावानं लबाडी! आन् कायच्यासाठी, तं फटफटीच्या स्प्रिंगसाठी!"

"आई, मले उतरव," पौर्णिमा म्हणाली.

ती ओटी सावरत उतरली. तिचं पारडं वर गेलं, समोरचं धाडकन आदळलं आणि चाळीस किलो संत्री शेडभर घरंगळली. कुणी वेचायलासुद्धा वाकलं नाही. पौर्णिमा श्यामसमोर येऊन उभी राहिली.

"चुकलो मी," श्याम म्हणाला. "तू मांगं बसत नाई तं गाडी चालवाले मन लागत नाई मले. सहा वर्सं एकट्यानं गाडी चालवली. आता नाई चालवाची. तुह्या कमरेले धक्का लागू नये, एवढंच पाहून राह्यलो होतो. खरं सांगतो."

पौर्णिमेनं आईकडे वळून पाहिलं.

"आई, नवस खोटा नाई. नवस हाये."

"आता हे म्हने बोललेच नाई ना!"

"हे नाई बोलले. मी बोलली." पौर्णिमेचे डोळे भरून आले. "हे घाटातून यायचे दर शनवारी. पावसात, थंडीत. गाडीचा आवाज येईपर्यंत घास उतरत नव्हता मले. मंग अंबादेवीले बोलली, बदली होऊ दे, हे येणंजाणं थांबू दे, यायच्या, माह्या नवऱ्याच्या, वजनाइतकी संत्री वाटीन. बदली झाली. आठ महिने झाले, पन यायले सांगाची सोय नाई. म्हनतीन, देवीले कायले लाच देते? बुधवारी यायनंच नवसाचं काढलं. मले वाटलं, पाहा, दोघायनंबी एकच मांगतलं. रडूच आलं मले."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. महादेवराव घसा खाकरून मांडवाच्या छताकडे बघू लागले.

"मंग आता कसं कराचं?" ओमप्रकाशनं विचारलं.

"कसं म्हन्जे? नवस फेडाचा." पौर्णिमेनं पारड्याकडे बोट केलं. "बसा तुमी."

"मी?"

"नाई तं काय, फटफटी बसवू?"

श्याम बसला. पाहुण्यांनी घरंगळलेली संत्री वेचून कॅरेटं पुन्हा भरली आणि ओमप्रकाश एकेक आकडा ओरडू लागला. एकवीस. साडेएक्केचाळीस. बासष्ट. त्र्याऐंशी. पारडं तसूभरही हललं नाही. श्यामनं पोट आत घेतलं, पण तराजूला त्याचं काय? पाचवं कॅरेट अर्धं भरून चढवलं, वर वच्छलाबाईंनी ओंजळीनं संत्री टाकली, तेव्हा कुठं जावईबुवांचे पाय जमिनीवरून सुटले.

"चौऱ्यान्नव किलोओओ!" ओमप्रकाशनं आरोळी ठोकली. टाळ्या पडल्या.

"सर," मोबाईलमधून आवाज आला. पुण्याचा माणूस अजून लाईनवर होता. "फॉर्मवर अठ्ठ्याहत्तर लिहिलंय."

"खोडा," श्याम पारड्यातून म्हणाला.

"खोडलं. चौऱ्याण्णव एकट्यासाठी असेल तर मधली स्प्रिंग पुरेल. मागे कुणी बसणार असेल तर मात्र वरची घ्यावी लागेल. काय करू? दहा मिनिटांत मला यादी पाठवायचीय."

श्यामनं पौर्णिमेकडे पाहिलं. ती संत्र्यांना हळदकुंकू लावत होती. इतकं सगळं झाल्यावर तिला आणखी काही विचारण्याचं तोंड त्याला नव्हतं. आज वजनाचं नाव काढायचं नाही आणि स्पितीचं तर नाहीच, असं त्यानं ठरवून टाकलं.

"मधलीच लिवा," तो म्हणाला. "एकटाच हावो मी."

पौर्णिमेनं कुंकवाची बोटं पदराला पुसली आणि ओमप्रकाशच्या हातातून फोन ओढून घेतला.

"भाऊ, वरची लिवा. मागच्या मान्साचं वजन लिवून घ्या. अडुसष्ट." पन्नास पाहुण्यांसमोर तिनं आकडा ठणठणीत सांगितला आणि मग जरा थांबून विचारलं, "हे बुटासगट सांगाचं असते का बिनबुटाचं?"

"बूट, जॅकेट, हेल्मेट, सगळ्यासकट मॅडम."

"मंग बहात्तर लिवा. बूट अजून घ्याचे हायेत माह्ये."

तिनं फोन ओमप्रकाशला परत दिला आणि पाहुण्यांना संत्री वाटायला घेतली. श्याम तसाच पारड्यात लोंबकळत होता, कारण तो उतरला असता तर संत्री पुन्हा सांडली असती. त्याला उतरायची घाईही नव्हती.