एगिनाच्या टांकसाळीने कासवास वेढा घातला त्याची हकीकत

श्री अफाया देवी समर्थ. एगिना बेटी कासवछाप चांदीचे नाणे पाडणारी टांकसाळ, तिची आब मिसरच्या बंदरापावेतो. ते टांकसाळीवर जे संकट गुदरले आणि जे रीतीने निवारले, ते यथास्थित लिहिले असे.

जुना ठसा तडकला आणि धान्यखरेदीस जावयाची गलबते नाण्यावाचून खोळंबली. मग ठसेकार थ्रासोन, छिन्नीबहाद्दर, यांस हुकूम जाहला की सूर्यास्ताचे आत नवा ठसा द्यावा, न दिल्यास चाकरीतून बरतर्फ. थ्रासोन बहुत घाबरा जाहला. जित्या कासवाची मान पाहिल्याखेरीज त्याचा हात चालत नसे. आणि नमुन्याचे कासव तर कुंपण फोडोन शेजारीण बित्तोबाईंचे मुळ्याच्या वाफ्यात शिरले, आणि मनुष्य पाहताच मान आत घेऊन दरवाजे बंद करोन बैसले.

खबर पावताच टांकसाळीचे दरोगे एर्गिनोससाहेब खासा चालोन आले आणि गडास वेढा दिधला. उत्तरेस भट्टीवाले, दक्षिणेस घणवाले. अंजिरांची लालूच दाखविली, कबूल नाही. मग पावेवाल्यांचा मोर्चा लाविला. त्यांचे गाल सुजले, गड हलेना. मग साहेबांनी फर्माविले की सर्वांनी एकवट गर्जना करावी. गर्जना थोर जाहली आणि आळीतील कोंबड्या परागंदा जाहल्या आणि किल्लेदाराने शेपटीही आत घेतली. थ्रासोनाचे डोळां पाणी आले.

तो बित्तोबाई पळी घेऊन बाहेर पडल्या.

"मेल्यांनो, माझे मुळे तुडवलेत! आणि हा कोण? एर्ग्या ना तू? एवढा घोडा झालास आणि कासवावर ओरडतोस? सांगू तुझ्या आईला?"

"मावशी, सरकारी काम आहे हो..."

"सरकारी काम माझ्या मुळ्यांत?"

ऐसा भडिमार होताच साहेबांनी शालीत मान घेतली, मग कान घेतले, मग टक्कलही दिसेनासे जाहले. हे अपूर्व पाहावयास कासवाने हळूच मान काढिली, आणि लांबविली, आणि टक लावोन राहिले.

"मावशी, थांबू नका! अजून बोला!" थ्रासोन कुजबुजला, आणि छिन्नी सरसर चालली. बोलण्याविषयी बाईंस आर्जव करणे न लगे.

सूर्यास्तापूर्वी ठसा पुरा जाहला आणि नाणी पडली आणि गलबतांनी शिडे उभारिली. मोहीम फत्ते. दफ्तरी नोंद ऐसी की, गड राजीखुशीने उघडला; मुळ्यांचा वाफा कामास आला; एर्गिनोससाहेब अद्याप शालीत असोन, बाहेर येण्याविषयी बोलणे चालू आहे.