पाटकर मास्तरांची अमेरिकन थंडी

पाटकर मास्तरांच्या खिशाला पेनाऐवजी थर्मामीटर असे. तापाचा नव्हे; एका बंद पडलेल्या केमिकल कंपनीच्या भंगारातून आणलेला, वीतभर लांबीचा. चहा आला की आधी थर्मामीटर प्यायचा, मग मास्तर. एकदा आम्ही दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरल्यावर माणसं हात जोडतात. मास्तरांनी थर्मामीटर काढला.

"सव्वीस! बाहेर एकोणचाळीस. कंप्रेसर नाही, पट्टा नाही, आवाज नाही. देसाई, याला म्हणतात फिटिंग!"

पुजारी आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मोजायचं यंत्र मास्तरांकडे नव्हतं.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये माझ्या ब्लॉकच्या मागच्या बराकीत मास्तरांची पत्र्याची खोली होती आणि तिला लागून वर्कशॉप. जुन्या अमेरिकन गाड्यांचे रेडिएटर आणि एसी पुन्हा चालू करून देणे हा त्यांचा धंदा. नव्वद सालच्या सुमाराला आमच्या भागात अशा गाड्या किती असाव्यात? मोजायला एक हात पुरे, तोही दोन बोटं मिटून. ज्या शहरात नळाला पाणी आलं तर लोक एकमेकांना हाका मारून सांगत, तिथे हा गृहस्थ अमेरिकन थंडी विकायला बसला होता.

कॅम्पात हव्या त्या देशाचा शिक्का मारलेला माल मिळे, पण मास्तर त्याला हात लावत नसत. "शिक्का माणूस वाचतो. गॅस वाचत नाही. तो आपला फटीतून निघून जातो." मग गॅस कुठून निघून जातो ते शोधायला साबणाचा फेस करायचा, दाढीच्या ब्रशने एकेका सांध्याला लावायचा आणि बुडबुडा येतो का ते सराफासारखं बघत बसायचं. तासन् तास. स्वतःची दाढी मात्र आठवड्यातून एकदा.

त्यांना टेकचंद शेठचं गिऱ्हाईक मी मिळवून दिलं, ही माझी चूक. शेठ पडद्यांच्या कापडाचे व्यापारी. वडिलांची जुनी, बोटीएवढी अमेरिकन गाडी त्यांच्याकडे होती आणि तिचा एसी मेलेला होता. "माझा शेजारी आहे, शब्दाचा पक्का आहे," असं मी छातीठोकपणे सांगून बसलो.

पहिल्याच मे महिन्यात मास्तरांनी चाचणीला बोलावलं. शेठ सहकुटुंब आले. सात माणसं आत बसली, काचा वर गेल्या. पाच मिनिटांत शेठ टोमॅटोसारखे लाल झाले. मास्तरांनी खिडकीतून थर्मामीटर आत सारला.

"बावन्न," ते समाधानाने म्हणाले. "एसी बरोबर आहे शेठ. हीटरपण बरोबर आहे. त्याचा वॉल्व्ह गंजून उघडाच राहिलाय, म्हणून दोघं एकदम चालू आहेत. अमेरिकेत बर्फ पडतो ना, त्याची सोय आहे ती."

"अरे साईं," शेठ बाहेर पडत म्हणाले, "हम बैठने आए थे, पकने नहीं!"

वॉल्व्ह बदलला. पण गाडी काही परत जाईना. त्याच दिवाळीत स्टोव्हचा भडका उडून पाटकर वहिनी भाजल्या. जिवावरचं त्वचेवर निभावलं, पण भाजलेल्या कातडीला घाम येत नसे. ऊन चढलं की अंगाची आग आग होई, आणि पत्र्याखाली झोप कसली लागते? आम्ही सगळे हळहळलो आणि आपापल्या कामाला लागलो.

दुसरा उन्हाळा गेला. शेठ विचारत, मास्तर म्हणत, "अजून गळतंय." तिसरा आला तरी गळतच होतं. एवढा गळणारा गॅस मुळात होता तरी किती, हे विचारायची सोय नव्हती. त्यात नवीनच बातमी फुटली. रोज दुपारी दोन ते चार मास्तर वर्कशॉप बंद ठेवतात आणि मागच्या मोकळ्या जागेतून शेठच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज येतो! म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत मास्तर गारेगार वामकुक्षी घेत होते. मी चारचौघांत सांगत सुटलो, की बाबांनो, कारागीर असावा तर असा, स्वतःच्या कामावर इतका विश्वास की त्यात झोपतो.

शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. तिची पाठवणी आजोबांच्या गाडीतून व्हायची होती. शेठ माझ्या दारात आले. "देसाई, जुबान तुम्हारी थी. आज गाडी लेके जाऊंगा, नहीं तो चोर बोलूंगा उसको, सबके सामने."

भर दुपारी आम्ही बराकीला वळसा घालून मागे गेलो. मास्तर गाडीत नव्हतेच. गाडीच्या तोंडाशी, रणरणत्या उन्हात, बनियनवर उभे होते. उभ्या गाडीचं इंजिन तापू नये म्हणून समोरच्या जाळीवर मग्ग्याने पाणी मारत होते. घामाने ते इतके भिजले होते, की पाणी कुठलं नि घाम कुठला कळेना.

शेठनी तावातावाने मागचं दार उघडलं. आत वहिनी झोपल्या होत्या. हाताच्या सुरकुतलेल्या कातडीवर पातळ ओढणी, तोंड जरासं उघडं, गाढ झोप.

"शेठ, हळू," मास्तर म्हणाले. "गाडी केव्हाच झालीय. मी खोटं बोललो. उन्हाळ्यात ही झोपते ती फक्त या दोन तासांत. उद्या सकाळी गाडी दारात आणून देतो. आज तेवढी झोपू दे."

माझी मलाच शरम वाटली. चारचौघांत सांगितलेलं एकेक वाक्य आठवलं.

त्या गाडीचं दार जोरात आपटल्याशिवाय लागत नसे. शेठनी ते हळूच लोटलं आणि थंडी बाहेर जाऊ नये म्हणून स्वतः त्याला पाठ लावून उभे राहिले. दाराचा पत्रा तव्यासारखा तापलेला होता.

"शेठ, लग्नाचं..." मी सुरुवात केली.

"चुप," शेठ कुजबुजले. "बेटी उठ जाएगी. शादी तो एक दिन की है. दूसरे दिन गाडी इधर वापस लगेगी."

मास्तरांनी मान खाली घातली. मग खांद्यावरचा पंचा पाण्यात बुचकळून पिळला, आणि शेठच्या पाठीला चटका बसू नये म्हणून त्यांच्या आणि दाराच्या मध्ये हळूच सरकवला.