येसो गंगाधर मुलूखपारंगत जाहले त्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न. शके सोळाशें एकुणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, ते वर्षीं एका राज्यांत जें घडलें तें वडिलांचे मुखें ऐकिलें तैसें लिहिलें असे. श्रोतीं सावध होऊन ऐकावें.

त्या राज्याचे पूर्वेस डोंगरी मुलूख होता आणि मधें एकच घाट होता. तिकडील भाषा दरबारीं कोणास येईना, म्हणोन महाराजांनी पाठशाळा स्थापिली आणि हुकूम फर्माविला जे, दोन वर्षें त्या मुलुखाचा इतिहास, भूमि, रीतभात आणि भाषा शिकावी. जो कसोटीस उतरेल त्यास ‘मुलूखपारंगत’ ऐसी पदवी द्यावी आणि वकिलातीवर नेमावें. दफ्तरांत येसो गंगाधर म्हणोन कारकून होते. त्यांस त्या डोंगरांचा लहानपणापासून ध्यास, म्हणोन भरलें ताट लोटावें तैसी नोकरी सोडून ते शाळेंत बसले. कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, “पोराटोरांत बसून धडे गिरवणार? लोक काय म्हणतील?” येसोबा म्हणाले, “लोक काय म्हणतात, तेंच तर शिकावयाचें आहे.”

मग विद्या सुरू जाहली आणि घोटाळाही सुरू जाहला. इतिहासाचे दामोदरशास्त्री सांगत, डोंगरी लोक पिढीजात कपटी. भूमीचे राघोपंत सांगत, लोक भोळे, घाट मात्र वज्राचा. आणि भाषा शिकवावयास लोमाबाई होत्या. त्या त्याच मुलुखीं जन्मल्या, इकडील शिलेदारास दिल्या, आणि पुढें माहेरीं गेल्याच नाहीत. येसोबांनी पुसावें, “बाई, तुमचे भाषेंत नाही कैसें म्हणतात?” बाईंनी म्हणावें, “तोंडावर नाही म्हणूं नये रे, माणूस दुखावतो. जेवायला बसवावें.” “मग होय कैसें म्हणतात?” “तेव्हांही जेवायलाच बसवतात.” येसोबा घरीं येऊन डोकें धरून बसत.

ऐसें दुसरें वर्ष चालत असतां डोंगरियांनी घाटावर काटेरी झाडें तोडून आडवीं घातलीं आणि वाट बंद केली. दरबारीं गडबड उडाली. फौज घाटाचे पायथ्यास जाऊन राहिली, आणि वकील बाजी नाईक यांस पुढें पाठविलें, आणि दुभाषी म्हणोन येसोबांस दिलें. यांत उतरले तर पदवी, ऐसें ठरलें. मग डोंगरियांचा वृद्ध नायक कोंडबा सामोरा आला आणि सर्वांस जेवावयास बसविलें. येसोबा घासोघासीं विचार करीत, कीं हें होय कीं नाही? जेवणें जाहलीं, वकिलांनी वाट मागितली, तेव्हां कोंडबा हात जोडून इतकेंच बोलिला, “घाट तुमचा झाला.”

येसोबांनी तें शब्दशः सांगतांच वकील हर्षून उठले, “दिला! फौजेस सांगा, चला!” येसोबांस शब्द तिन्ही कळले, परंतु कोंडबाचे डोळे पाणावले होते आणि बायका तोंडास पदर लावून उभ्या होत्या. ते म्हणाले, “नाईक, थांबावें. मला कळलें नाही.” नाईक संतापले, “दोन वर्षें काय गवत उपटलेंत? होय कीं नाही, एक सांगा!” येसोबा मग लाज सोडून कोंडबाकडे वळले आणि डोंगरी भाषेंत बोलिले, “बाबा, मी समजले नाही. मी परकी आहे. पुन्हा सांगा.” सभा खदखदां हसूं लागली, कारण बाईंपाशीं शिकल्यामुळें ते बाईसारिखेंच बोलत होते. कोंडबाही हसला आणि लेकीस सांगावें तैसें हळूहळू बोलिला, “माये, वर कडा फुटला आहे. आमचीं माणसें गेलीं, म्हणोन वाट बुजवली. आम्ही सांगून पाहिलें. तरी जाणार, तर घाट तुमचा. जीव गेला तर आमचे माथां नाही.”

नाईक म्हणाले, “हें कपट असेल.” येसोबा म्हणाले, “असेलही. मला ठाऊक नाही. मी वर जाऊन पाहतों.” मग एकटेच चढून गेले, तों कड्यास माणूस शिरेल ऐसी भेग, आणि खडे आपोआप घरंगळत होते. खालीं येऊन म्हणाले, “फौज नेऊं नये. नेलीत तर मी पुढें चालणार नाही, पदवी राहो कीं जावो.” मग नाईकांनी फौज माघारी फिरविली. आषाढांत कडा सगळा खालीं आला.

तरी दरबारीं एकमत होईना. दामोदरशास्त्री म्हणाले, कडा त्यांनीच लोटला. राघोपंत म्हणाले, घाट पडणें शक्यच नाही. दोघेही येसोबांकडे पाहूं लागले. येसोबा म्हणाले, “मी भेग पाहिली, ती कोणी केली, तें कैसें सांगूं?” महाराज हसले आणि पदवी देवविली.

शालजोडी घेऊन येसोबा लोमाबाईंचे पायां पडावयास गेले आणि म्हणाले, “बाई, ‘तुमचा झाला’ याचा ऐसाही अर्थ होतो, हें कां नाही शिकविलें?” बाई मग म्हणाल्या, “मी आल्यें तेव्हां लहान होत्यें रे. मरणाचीं बोलणीं आम्हां पोरींपुढें कोणी बोलत नसे.”

येसोबा घरीं आले आणि सगुणाबाईंस म्हणाले, वकिलात नको, वर्षभर कोंडबाचे गांवीं राहूं. त्या म्हणाल्या, “आतां आणीक काय शिकायचें राहिलें?” ते म्हणाले, “तेंही नक्की कळत नाही.” सगुणाबाईंनी डोळे पुसले, हसल्या, आणि गांठोडें बांधावयास घेतलें.

एवंच, पदवी हातीं आली आणि विद्या पुढें राहिली. येसोबा पारंगत म्हणविले. पैलतीर त्यांस दिसला कीं नाही, हें त्यांनी कोणास सांगितलें नाही. इति.