साहेब येताहेत, पाणी लपवा!

एका जंगलात पाणी होतं. हसू नका मुलांनो, खरंच होतं.

जंगलाच्या मधोमध एक जुनी विहीर होती. तिच्या तळाशी झरे होते. दिवसा जेवढं पाणी उपसावं, तेवढं रात्रीतून परत भरायचं. नियम एकच होता, तळ दिसेपर्यंत उपसायचं नाही. त्यामुळे भर वैशाखातही हरिणीला आणि तिच्या पाडसाला घोटभर पाणी मिळायचंच.

या विहिरीत एक बेडूक राहायचा. जन्मच तिथला. स्वभावाने भलताच गर्विष्ठ. 'माझी विहीर, माझं पाणी, माझा गळा' असं म्हणून तो रात्रभर गायचा आणि कोणाला धड झोपू द्यायचा नाही. तरी सगळे त्याला सहन करायचे. तो गातोय म्हणजे पाणी आहे, एवढं सगळ्यांना कळत होतं.

असं सगळं सुखात चाललं होतं. म्हणजे आता कोणीतरी शहाणपणा करायलाच हवा, नाही का?

तो साळिंदररावांनी केला. साळिंदरराव म्हणजे जंगलाचे सरपंच. लेकीचं लग्न ठरवायला ते पलीकडच्या जंगलात गेले. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या बापाने विचारलं, "तुमच्याकडे टँकर किती येतात?"

"एकही नाही. आमची विहीर आहे ना."

"विहीर? अजून?" मुलाच्या बापाने नाक मुरडलं. "आमच्याकडे रोज टँकर येतो. भोंगा वाजवत येतो. वर सिंहमहाराजांचा हसरा फोटो असतो. अहो, इतक्या मागासलेल्या ठिकाणची मुलगी करायची म्हणजे…"

साळिंदररावांचे सगळे काटे खाली बसले. घरी येताच त्यांनी सभा बोलावली. "काय वाट्टेल ते होवो, आपल्याला टँकर पाहिजे!"

टँकर होते कोल्होबाचे. तो सभेला न बोलावताच आला होता. म्हणाला, "त्यात काय अवघड आहे? दरबारातून बगळेसाहेब पाहणीला येतात. विहिरीत घागर सोडतात. घागर बुडली तर टँकर नाही. ठण्ण वाजली, तर टँकर."

"पण आमची बुडणार हो!" साळिंदरराव रडकुंडीला आले.

"मग मी कशाला आहे? तुमचं पाणी माझ्या हौदात ठेवा. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?"

विहिरीतून बेडूक ओरडला, "आणि मी राहू कुठं?"

"तू गप रे!" साळिंदरराव खेकसले. "विहिरीतला बेडूक तू. तुला जगाची काय माहिती?"

सगळे पोट धरून हसले. हरिणी हसली नाही. पण ती काही बोललीही नाही. वाईटपणा कोण घेणार?

कोल्होबाच्या टँकरांनी दिवसभरात विहीर रिकामी केली. बेडूक हटून बसला होता, त्यामुळे शेवटच्या बादलीबरोबर तोही गेला. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

सकाळी बघतात तर काय, विहिरीत गुडघाभर पाणी!

"काय निर्लज्ज विहीर आहे ही!" साळिंदरराव चिडले. "साहेब यायची वेळ झाली आणि ही भरत बसलीय!"

पुन्हा उपसा झाला. या वेळी रानडुकरांनी एकेका झऱ्याच्या तोंडात चिकणमाती ठोकून ठोकून बसवली. माती तुडवायला हरिणीचं पाडसही मोठ्या हौसेने नाचत होतं.

बगळेसाहेब आले. घागर सोडली. ठण्ण!

जंगलात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि दुःख व्यक्त केलं. मग त्यांनी जंगल टंचाईग्रस्त जाहीर केलं. साळिंदररावांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजवत टँकर आला. साळिंदरीणबाईंनी त्याला ओवाळलं, नारळ फोडला. टँकर विहिरीतच रिकामा करायची पद्धत असते. नळी सोडली. धो धो पाणी पडलं आणि पाण्याबरोबर बेडूकही पडला.

"अरेच्चा! हे तर माझंच घर!" तो आतून म्हणाला.

सगळे वाकून विहिरीत बघू लागले. तीच विहीर, तेच पाणी, तोच बेडूक. मधे फक्त कोल्होबा आला होता.

शेवटी साळिंदरराव कडाडले, "कोल्होबा! टँकरच्या पाण्यात बेडूक निघतो म्हणजे काय?"

कोल्होबाने हात जोडले. "चुकलं, सरपंच. उद्यापासून जाळी लावतो."

लेकीचं लग्न थाटात झालं. टँकर मात्र पुढे कधी यायचा, कधी यायचा नाही. आला की विहिरीवर झुंबड उडायची, आणि पाडसाच्या वाट्याला चिखल यायचा. एके दिवशी हरिणीला राहवलं नाही. ती विहिरीत उतरली आणि खुरांनी झऱ्यांची माती उकरू लागली. माती विटेसारखी पक्की झाली होती. थोडी निघाली, पण मागे ओलसुद्धा नव्हती. अडवलेलं पाणी वाट बघत थोडंच बसतं? झऱ्यांनी टेकडीखालून दुसरी वाट धरली होती, आणि ती नेमकी कोल्होबाच्या हौदात निघत होती. मला त्या हरिणीचं फार वाईट वाटतं. बोलायचं तेव्हा ती बोलली असती तर!

आता आशा उरली होती ती पावसाची. आकाशात ढग आले तशी साळिंदररावांनी पुन्हा सभा घेतली. "विहीर भरली तर घागर बुडेल. घागर बुडली तर टँकर बंद. मग लेकीच्या सासरी मी काय तोंड दाखवू?"

सगळ्यांना पटलं. विहिरीवर जाडजूड फळ्यांचं झाकण घातलं गेलं.

त्या दुपारी मुसळधार पाऊस कोसळला. झाकणाखालच्या अंधारातून बेडकाने विचारलं, "अहो, वर कसला आवाज येतोय? पाऊस आला का?"

सगळे झाकणाभोवती उभे होते. कानांतून, शेपट्यांतून पाणी निथळत होतं. ते एका सुरात म्हणाले, "छे रे! दुष्काळ आहे."

तात्पर्य : पाणी जपून वापरावं, हे खरंच. पण दुष्काळ त्याहून जपून वापरावा. पाणी एकदा प्यायलं की संपतं, दुष्काळ मात्र नीट झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं पुरतो.