साळ्याला दिलेली खुर्ची

"थुकलेलं धनराज चाटत नाई!" चामोर्शीच्या राइस मिलचा दिवाणजी धनराज पानठेल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला. तोंडात खर्रा असल्यामुळे ते फारच खरं वाटलं!

राजीनामा दिला होता ना! गडचिरोलीच्या ट्रॅक्टर शोरूममध्ये नवी नोकरी लागली होती. जाता जाता त्यानं मोठं मनही दाखवलं. मिलमधली आपली खुर्ची साळ्याला, आदेशला, मिळवून दिली. नोकरीवाला नवरदेव म्हटल्यावर मुलीकडचे धावत आले, आठवड्याच्या आत साक्षगंध उरकलं. त्या खुर्चीवर आता एकटा आदेश नव्हे, अख्खं लग्न बसलं होतं!

मग शोरूमचं ट्रेनिंग सुरू झालं. भर उन्हात गळ्यात टाय बांधून दारात उभं राहायचं आणि येईल त्याला "वेलकम सर" म्हणायचं. एक म्हातारा शेतकरी इतका दचकला की ट्रॅक्टर न बघताच बसस्टँडवर परत गेला! संध्याकाळी धनराज घरी आला तो दावं सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा मान चोळत.

आणि नेमके मिलचे मालक सोमाजीशेठ दारात!

"दिवाणजी, वापस या. पगार वाढवतो, खुर्चीजवळ कूलर लावतो. तुमचा तो साळा! कोंड्याची गाडी तांदूळ म्हनून रवाना केली त्यानं. वरून ड्रायवरले म्हने, संभाळून नेजो, भारी माल आहे!"

धनराजच्या मनात लाडू फुटले. पण शेठची पाठ वळताच बायको, उर्वशी, पोळी उलटायचा सराटा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अजी, खुर्ची गेली की माह्या भावाचं लगन गेलं! पोरीवाले त खुर्चीलेच हो म्हनले."

"मंग मी का जनमभर टाय बांधू?"

"बांधा! त्याच्या गळ्यात हार पडन, तुमच्या गळ्यात टाय. बिघडलं काय?"

सकाळी टाय बांधून, "शोरूमले चाललो" म्हणून तो निघाला. वाटेत शोरूमला "नोकरी सोडली, येत नाई" असा फोन केला आणि सरळ मिलमध्ये जाऊन खुर्चीत बसला. आहाहा! खुर्चीसुद्धा माहेरवाशीण भेटल्यासारखी करकरली. शेठ बाहेर वजनकाट्यावर होते. त्यांनी लांबूनच "आलोच!" म्हणून हात केला.

बाजूला उभा आदेश रडवेला झाला. "भाऊजी, मलेही हे काम झेपत नाई. पन लगन होऊ द्या, मंग खुशाल बसा!"

"लगन कवा?"

"दिवाळीनंतर."

"तवरिक मिल राहीन का बे?"

तेवढ्यात दारात एक गृहस्थ. "मी लटारू, पोरीचा मामा, मुलचेऱ्याहून. साक्षगंधाले जमलं नाई, फोटोच पाहिला. म्हटलं, जवाईबापू कुठी बसते, पाहून घ्यावं."

फोटोतला आदेश बाजूला उभा आणि खुर्चीत भलताच! विंचू चावावा तसा धनराज उठला. "बसा, साहेब!" म्हणत त्यानं टायनंच खुर्ची पुसून आदेशला बसवलं.

"हे कोन?" मामांनी विचारलं.

आदेशच्या तोंडून निघून गेलं, "चपराशी!"

"चपराशाले टाय! मोठी मिल आहे बाप्पा!" मामा खूश. चपराशी चहा आणायला धावला.

चहा घेऊन येतो तर शेठ हजर. "बोला, राहता की जाता? आज नाई बोलले त विषय संपला!"

धनराजनं आदेशकडे पाहिलं. आटलेल्या बोडीतल्या मासोळीसारखा जीव झाला होता पोराचा. खुर्चीचे हात त्यानं गच्च धरले होते. उर्वशीच्या पाठवणीच्या वेळी एवढासा होता, तेव्हा बहिणीचा पदर असाच धरून बसला होता.

"जातो, शेठजी."

मामांना राहवलं नाही. "शेठजी, असा चपराशी भेटत नाई! दोन पैसे वाढवून द्या, पन याले जाऊ देऊ नका!"

"तेच त म्हनून राह्यलो मी कालपासून!" शेठ ओरडले. चपराशी कोण, हे विचारायचंही भान त्यांना राहिलं नाही. तसेच तणतणत काट्यावर गेले.

धनराज बाहेर पडला. नवी नोकरी सकाळी गेली, जुनी आत्ता गेली. आता घरी काय सांगायचं? मागून मामा धापा टाकत आले.

"भाऊ, थांब! आमच्या गावच्या शाळेत चपराशी पायजे. घंटा वाजवाची, मास्तराले चाय पाजाची. येतो का?"

"बसाले खुर्ची भेटन?"

"स्टूल आहे."

"विचार करून सांगतो," धनराज म्हणाला. आणि काय सांगू, खरंच विचार करू लागला!